बांधावरून केलेला अंदाज

आधीच माफी मागतो. दुसऱ्या ग्रहांवर जीव असेल का, या प्रश्नावर लिहावं असा मी कुणी नाही. शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होतो, विषय भौतिकशास्त्र, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडील शेतीवर स्थिरावले. मला इंग्रजी वाचता येतं, बोलताना जीभ अडखळते. मराठीतही एक वाक्य दोनदा खोडल्याशिवाय पुढं जात नाही. जे वाचलं ते दुसऱ्यांनी शोधलेलं, त्यात माझं काही नाही. तरी या प्रश्नानं डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत मला असं काही धरून ठेवलं होतं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

डिसेंबरात आम्हाला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी एक कागद हातात दिला. एका रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात उन्हाळ्यात दोन महिने काही विद्यार्थी घेतात. राहणं, जेवणं तिथंच, आणि खऱ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. अर्जासोबत दोन पानांचा निबंध मागितला होता. आपल्या आकाशगंगेत दुसरीकडे कुणी असण्याची शक्यता किती, याचा स्वतःचा अंदाज करा आणि प्रत्येक आकड्याचं कारण द्या.

अर्ज फक्त तिसऱ्या वर्षाच्या मुलांना करता येत होता, म्हणजे मला एकदाच. सणसवाडीच्या एका कंपनीत माझा मित्र कामाला आहे, त्यानं माझ्यासाठी ट्रेनीची जागा बघून ठेवली होती. परीक्षा झाली की तिकडं जायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. कुणी जबरदस्ती करत नव्हतं, पण दुसरं काय करणार याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या केंद्रात दोन महिने काढले तर पुढं शिकायचं म्हणायला मला तोंड राहील, एवढंच मला वाटत होतं. ती एकच गोष्ट मला हवी होती.

"मला जमेल का, मॅडम?"

"यातला बरोबर आकडा कुणालाच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझा चुकला तर तू एकटा चुकणार नाहीस. लिही."

या अंदाजाचं एक गणित आहे. एका खगोलशास्त्रज्ञानं ते साठेक वर्षांपूर्वी मांडलं. मी ते पहिल्यांदा वाचलं न्हावऱ्याच्या एसटीत, उभ्यानं, एका हातानं दांडी धरून. आकाशगंगेत तारे किती ते धरा. त्यातल्या कितींना ग्रह आहेत ते धरा. त्या ग्रहांतले किती जीवाला सोसवतील असे. त्यातल्या कितींवर जीव खरोखर उगवला. उगवला त्यातल्या कितींवर तो विचार करण्यापर्यंत पोचला. पोचला त्यातल्या कितींनी आपला आवाज आकाशात धाडला. आणि आकाशगंगेच्या एवढ्या वयात तो आवाज किती काळ चालू राहिला. एकामागून एक गुणत जायचं. शेवटी उरेल तो अंदाज.

मी पुन्हा वाचलं. हे गणित मला येत होतं. लहानपणापासून येत होतं.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, हंगामात साखर कारखान्याचे चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे, असतात. नाव चिटबॉय, वय बावन्न. त्यांचा गट, म्हणजे त्यांच्याकडं नेमून दिलेली शेतं, आहे दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. गळीत सुरू व्हायच्या आधी गटातल्या प्रत्येक शेतात किती टन ऊस निघेल याचा अंदाज ते कारखान्याला देतात, म्हणजे तोडीच्या टोळ्या आणि वाहनं त्या हिशोबानं पाठवता येतात. उभा ऊस काही तराजूत घालता येत नाही. मग आप्पा सरीत दहा फूट अंतर मोजतात. त्यात उभे ऊस किती. एक ऊस किलोचा की सव्वा किलोचा. एकरात सऱ्या किती, लांबी किती. गुणायचं. मग तुटाळ, म्हणजे जिथं उगवणच झाली नाही ती मोकळी जागा, वजा. आडवा पडलेला वजा. रानडुकरांनी खाल्लेला वजा. हे सगळं तोंडानं पुटपुटत करायचं. शेवटी ते "अठ्ठेचाळीस" म्हणतात आणि कारखान्याच्या काट्यावर सेहेचाळीस ते पन्नासच्या आतच कुठंतरी निघतं.

आकाशगंगेचं गणित मांडणाऱ्या माणसानं उसाचा फड कधी पाहिला नसेल. आमच्या आप्पांनी आकाशगंगा हा शब्द कधी उच्चारला नसेल. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्याकडे दोघं एकाच रीतीनं चालत गेले होते, एक एक पाऊल, मोठं उत्तर लहान लहान प्रश्नांत तोडून. एसटीत मी त्या पानावरून डोकं वर काढलं नाही. उतरायचा थांबा मागं गेला.

मग मी आकडे गोळा करायला लागलो. तारे शंभर अब्जांहून जास्त. शून्यं मोजायला कागदावर बोट ठेवावं लागलं, आणि मोजूनही डोक्यात काहीच उमटलं नाही. एका संध्याकाळी आमच्याच उसाच्या कडेला उभा होतो. एकरात ढोबळमानानं चाळीस हजार ऊस धरले, तर शंभर अब्ज ऊस उभे करायला किती रान लागेल? मातीतच काडीनं भागाकार केला. पंचवीस लाख एकर आले. म्हणजे निम्म्याहून जास्त पुणे जिल्हा, त्यातली गावं, रस्ते, डोंगर, धरणं काही न सोडता, नुसता ऊस. आणि त्यातला प्रत्येक ऊस म्हणजे एक सूर्य. मी काडी टाकली आणि खाली बसलो. 

याच दिवसांत मित्राचा सणसवाडीहून फोन आला.

"काय रं शास्त्रज्ञ, सापडलं का कुणी?"

"अंदाज चाललाय अजून."

"अंदाज कशाला? आमच्या चाळीत ये. बिहार, ओरिसा, बंगाल, समदे ग्रह हायत हितं. वरच्या खोलीतला तर आठ महिनं झालं कुणाशी बोलला न्हाई. डायरेक्ट तिकडनंच आला असंल."

"तो बोलला नाही, का तू विचारलं नाहीस?"

"व्हय की. म्या बी कवा इचारलं न्हाई."

हसून फोन ठेवला, पण ते डोक्यात राहिलं. आकाश गप्प आहे असं आपण म्हणतो. आपण किती वेळ ऐकलंय, कुठल्या बाजूला ऐकलंय? वाचलं तेव्हा कळलं की आजवर माणसानं जेवढं ऐकलंय ते जेमतेम कान लावल्यासारखं आहे.

सगळ्यात अडलं ते शेवटच्या आकड्यापाशी. बोलणारी वस्ती टिकते किती काळ? याचा विचार करायला मी एका रविवारी सायकल काढून इनामगावाजवळच्या पांढरीवर गेलो. घोड नदीच्या काठाला ती जुनी जागा आहे. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं शेती करणारी माणसं राहत होती, घरं होती, चुली होत्या. हे उत्खननात निघालं, आणि आमच्याकडं सगळ्यांना ते ऐकून माहीत असतं. ती वस्ती जवळजवळ हजार वर्षं नांदली, मग सुटली. मातीत एक लाल खापर होतं, बोटाच्या दोन पेरांएवढं. त्यावर काळी रेघ. सरळ नव्हती, शेवटाला थोडी वळली होती, जशी ओढता ओढता कुणी हाक मारल्यावर वळेल. त्या बाईनं किंवा बाप्यानं ती रेघ मला कळावी म्हणून ओढलेली नव्हती. आपल्या घरातलं भांडं बरं दिसावं म्हणून ओढली होती. तरी ती माझ्यापर्यंत आली होती, आणि ओढणारं कुणी उरलं नव्हतं. आकाशातून कधी काही ऐकू आलं तर तेही असंच असेल, असं वाटून मी बराच वेळ खापर हातात धरून बसलो. मग होतं तिथंच, तसंच पालथं ठेवलं.

निबंधात त्या जागी मी एक हजार वर्षं लिहिलं. कारण म्हणून पांढरीचं सांगितलं.

एक आकडा मात्र मला सोपा वाटला होता. योग्य ग्रहांपैकी कितींवर जीव उगवतो? मी लिहिलं, सगळ्यांवर. आपली पृथ्वी राहण्याजोगी झाल्यावर जीवानं इथं यायला फार वेळ लावला नाही, म्हणजे ते सहज घडत असणार. हे कारण मला इतकं पक्कं वाटलं की खाली रेघही मारली. शेवटी गुणाकार झाला आणि उत्तर आलं सातशे. आकाशगंगेत बोलणाऱ्या वस्त्या सातशे. आमच्या गावात उंबरेही साधारण तेवढेच असतील. मॅडमनी इंग्रजी तपासून दिलं आणि जानेवारीच्या शेवटी अर्ज गेला.

फेब्रुवारीत एके दुपारी मी आप्पांचा डबा घेऊन त्यांच्या गटात गेलो. टोळी जेवायला बसली होती, अर्धा फड तोडून झाला होता. आप्पा बांधावरच्या बाभळीखाली जेवायला बसले. मी निबंधाची गोष्ट काढली. मला वाटलं होतं, हसतील. पण आकड्यांचं नाव काढल्यावर ते सावरून बसले.

"तारं किती धरलं?"

सांगितलं.

"आन् वजा काय काय केलं?"

तेही सांगितलं. प्रत्येक वेळी ते मान हलवत होते, टोळीच्या मुकादमाकडनं हिशोब घ्यावा तसे.

"उगवण किती धरली?"

"शंभर टक्के."

आप्पांनी भाकरी खाली ठेवली. "शंभर टक्के उगवण? आरं, माझ्या उभ्या जन्मात बघितली न्हाई. कशावरनं धरली?"

"आपल्या पृथ्वीवर लगेच उगवलं, आप्पा."

"आन् दुसरीकडं कुठं बघितलं?"

"दुसरीकडं जाताच येत न्हाई."

"म्हंजी बांधावरनं धरली," आप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या हंगामात त्यांनी एका शेताचा अंदाज गाडीवर बसूनच दिला होता. बांधाकडचा ऊस मनगटाएवढा जाड, डोक्याच्या वर हातभर. आत न जाता त्यांनी आकडा लिहिला. टोळी आली, वाहनं आली. चार सऱ्या आत गेल्यावर नुसतं तुटाळ. मधल्या रानात पाणी साचून उगवणच झाली नव्हती. वाहनं रिकामी उभी राहिली आणि टोळीतली बायामाणसं त्यांना पुढं दोन वर्षं "बांधावरचं सायब" म्हणत होती.

"चल," म्हणाले, आणि तोंडाला टॉवेल बांधून उभ्या उसात शिरले. मी मागं. दहा पावलांत बाहेरचा आवाज बंद झाला. उसाचं वाळलेलं पाचट अंगाला कापत होतं. आत ऊस बारीक, फिकट, मधेच चार हात मोकळी जमीन.

"बांधाकडं ऊन लागतं, वारं लागतं. तितला ऊस जोरातच असणार," ते पुढं न बघता बोलत होते. "आन् आपुन बघतो बी तिथनंच. का? तर माणसाला उभं ऱ्हायला जागा तिथंच असती. म्हणून नवा चिटबॉय दर खेपेला जास्तच लिवतो."

त्या उसात उभं राहून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि भीतीही वाटली. जिथं जीव उगवला नाही तिथं उभं राहून "इथं उगवला नाही" असं म्हणायला कुणी नसतं. मोजणारा जिथं उभा आहे तिथं उगवण झालेलीच असणार, नाही तर मोजणाराच नसता. आपण पृथ्वीवर बघतो आणि म्हणतो, बघा, किती सहज उगवलं. आपण उभेच त्या एका जागेवर आहोत. माझ्या निबंधातलं सगळ्यात पक्कं कारण सगळ्यात पोकळ निघालं होतं, आणि त्याच्याखाली मी रेघ मारली होती.

"आप्पा, आत जाताच आलं न्हाई तर काय करायचं?"

"व्हतं की तसं बी. उसात बिबट्या हाय म्हणत्यात तवा मी जातोय व्हय आत? मग शेरा मारतो. 'आतून पाहिले नाही.' आन् आकडं दोन लिवतो. लई निघालं तर इतकं, कमी निघालं तर इतकं. सायब वरडतो. वरडू दे."

"माझं लई निघालं तर सातशे."

"आन् कमी निघालं तर?"

"एक. आपणच."

आप्पा थांबले. टॉवेल तोंडावरून खाली केला. मी त्यांना पंचवीस लाख एकरांचं सांगितलेलं होतं. ते वर बघत होते, पात्यांच्या फटीतून दुपारचं पांढरं आभाळ दिसत होतं.

"एवढ्या रानात एकच कोंब?" ते हळूच म्हणाले. "मग तर मी इथनं हलायचो न्हाई. कसा फुटला त्येच बघत बसंन."

मला तोवर वाटायचं की उत्तर मोठं आलं तरच नवल. त्या दिवशी कळलं की सातशे आलं तरी आणि एक आलं तरी, माणसानं बघतच राहावं असं आहे.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, निबंधात चूक आहे, केंद्राला कळवायचंय.

"नियमात एक अर्ज, एक निबंध आहे," त्या म्हणाल्या. "मुदत संपलीये. दुसरा कागद पाठवलास तर ते तुझा अर्जच बाजूला ठेवतील, अशी शक्यता आहे. आणि ती चूक त्यांच्या लक्षात आलीच नसेल, अशीही आहे."

"मग नको पाठवू?"

"नको म्हणत नाहीये. काय होईल ते सांगितलं."

चार दिवस माझं काही ठरेना. गप्प राहिलो तर कदाचित जागा मिळेल. पण मग तिथं जाऊन त्या शास्त्रज्ञासमोर मी कुठल्या तोंडानं बसणार? त्यांनी नेमकं तेच वाक्य दाखवून विचारलं तर? शेवटी एक पान लिहिलं. माझ्या निबंधातला चौथा आकडा चुकीच्या जागी उभं राहून धरलेला आहे. माझे वडील उसाचा अंदाज करतात, त्यांनी ही चूक दाखवली. तो आकडा शंभर टक्केही असू शकेल आणि जवळजवळ शून्यही. म्हणून माझं उत्तर सातशे ते एक असं धरावं, आणि पुढं शेरा वाचावा, आतून पाहिलेलं नाही. मॅडमना इंग्रजी न दाखवताच पाठवलं. नंतर वाचलं तेव्हा त्यात दोन चुका दिसल्या.

एप्रिलमध्ये केंद्राच्या संकेतस्थळावर यादी लागली. मॅडमच्या टेबलापाशी उभं राहून आम्ही दोघांनी वाचली. माझं नाव नव्हतं. वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं.

"प्रतीक्षा यादी ते लावत नाहीत," मॅडम म्हणाल्या. एवढंच. माझं पत्र नडलं का, हे त्यांनी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं व्हय रं?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा. पुढं आठवडाभर त्यांनी उसाचं नाव काढलं नाही.

परीक्षा झाली. मित्रानं कंपनीतला दिवस कळवला, मे महिन्यातला तिसरा सोमवार. त्याआधीच्या शुक्रवारी आप्पा आणि मी दौंडच्या बाजारात सेफ्टी शूज घ्यायला गेलो. दुकानदारानं तीन जोड काढले. आप्पा बुटाच्या टोकावर बोटानं ठोकून लोखंड आहे का बघत होते. माझा एक पाय बुटात होता, दुसरा अनवाणी, तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी माझं नाव विचारून खात्री केली आणि केंद्राचं नाव सांगितलं. मी उभा राहिलो.

"तुमच्या फाइलला दोन कागद आहेत," त्या म्हणाल्या. "एक निबंध आणि एक नंतरचं पत्र. दोन्हींत उत्तर वेगळं आहे. तुमचं म्हणून कुठलं धरायचं?"

"दुसरं, मॅडम," मी म्हटलं. दुकानातल्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं, "दुसरंच."

"ठीक. इथंही तेच धरलंय." कागद उलटल्याचा आवाज आला.

"कोण हाय?" आप्पा विचारत होते. दुकानदार विचारत होता, "पावणं, ह्योच नंबर बांधू का?" मी दोघांना हातानं थांबा म्हणालो.

"यादीतला एक मुलगा येत नाहीये," पलीकडून बाई म्हणाल्या. "ती जागा तुम्हाला दिली आहे. सोमवारी सकाळी दहाच्या आत पोचा. मच्छरदाणी सोबत आणा, इथं मिळत नाही."